परासरण: ठरलेला नियम, न ठरलेली कारणे

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात परासरण दोन-तीन परिच्छेदांत आटोपते. निवडक्षम पटलातून पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. बेदाणा साध्या पाण्यात फुगतो, पाकात आक्रसतो. तांबडी रक्तपेशी साध्या पाण्यात फुटते, दाट मिठाच्या पाण्यात सुरकुतते. एवढे वाचून पाण्याची दिशा कळते, आणि ती बरोबर कळते.

पाणी कुणीकडे जाणार, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला. ते का जाते, कोणत्या वाटेने जाते आणि जिवंत पेशी त्याला कशी आवरते, हे तीन प्रश्न मात्र अजून चालू आहेत. रुग्णालयात कोणते सलाइन लावावे यावरचा वाद आणि पावसानंतर द्राक्षाचा मणी का तडकतो यावरचा वाद, दोन्हींची मुळे याच तीन प्रश्नांत आहेत. म्हणून हा आढावा नियमापासून सुरू करून बागेपर्यंत नेला आहे.

मूत्राशयापासून मातीच्या भांड्यापर्यंत

१७४८ साली झाँ-आंत्वान नोले या फ्रेंच धर्मगुरूने मद्यार्काने भरलेल्या बाटलीचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधले आणि बाटली पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांत कातडे बाहेरच्या बाजूला फुगले, आणि टोचल्यावर आतून कारंजे उडाले. पाणी आत शिरत होते, मद्यार्क मात्र त्या मानाने बाहेर पडत नव्हता. नोले भौतिकशास्त्राचा अभ्यासक होता. जीवशास्त्राशी या गोष्टीचा संबंध जोडला तो १८२० च्या दशकात आंरी द्युत्रोशे याने. वनस्पतीत रस चढणे, पेशी टणक राहणे, या गोष्टींमागे हीच क्रिया असावी असे त्याने मांडले आणि ती मोजण्यासाठी उपकरणही बनवले.

त्या काळी जिवंत वस्तूंच्या क्रियांना वेगळी जीवशक्ती लागते असे मानणारे पुष्कळ होते. मोरित्झ ट्राउबे याने १८६७ मध्ये रसायनांपासून कृत्रिम पटल तयार केले आणि त्यातूनही परासरण होते हे दाखवले, तेव्हा तो आधार ढासळला. पुढचे पाऊल विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाचे. सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत त्याने कॉपर फेरोसायनाइडचे पटल बसवले. नुसते पटल दाबाने फाटते. मातीच्या आधाराने ते टिकले आणि परासरणाचा दाब प्रथमच नीट मोजता आला. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत १ टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ५३५ मिलिमीटर भरला, ४ टक्क्यांच्या द्रावणाचा सुमारे २,०८२. चौपट साखर, जवळपास चौपट दाब. भिंतीच्या आधाराने उभे असलेले ते पटल म्हणजे वनस्पतिपेशीची रचनाच होती, आणि वनस्पतिशास्त्रज्ञाला हे सुचावे यात मला मोठी संगती वाटते.

ॲमस्टरडॅमला ह्यूगो द व्रीस पानांच्या पेशी वेगवेगळ्या द्रावणांत ठेवून कोणती द्रावणे एकमेकांच्या तोडीची आहेत हे ठरवत होता. फेफरचे आकडे त्याच्याकडून त्याच विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ याच्यापर्यंत पोहोचले. त्यातून १८८५ ते १८८७ या काळात नियम निघाला: विरल द्रावणाचा परासरण दाब हा विरघळलेल्या कणांच्या संख्येवर आणि तापमानावर ठरतो, आणि तेवढेच कण तेवढ्याच जागेत वायुरूपात असते तर त्यांचा जेवढा दाब पडला असता तेवढाच तो भरतो. कण साखरेचा की मिठाचा, लहान की मोठा, याला महत्त्व नाही. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये व्हान्ट हॉफला मिळाले, त्यात या कामाचा वाटा होता.

तीन द्रावणे, दोन पेशी

याच सुमारास हार्टोख हॅम्बुर्गर याने द व्रीसची पद्धत तांबड्या रक्तपेशींना लावली. माणसाच्या पेशी सुमारे ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात आकार बदलत नाहीत. हे समपरासारी द्रावण. त्याहून विरल म्हणजे अवपरासारी द्रावणात पाणी आत जाते. पेशी आधी बशीची चेंडू होते, आणि पटल त्यापुढे ताणले जात नसल्याने फुटते. पेशीपटलाचे क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांपलीकडे वाढत नाही. तांबडी पेशी लगेच फुटत नाही, कारण तिच्या बशीसारख्या आकारात पटल आकारमानाच्या मानाने जास्त असते. निरोगी पेशी मीठ ०.५ टक्क्याच्या आसपास उतरले की फुटू लागतात आणि ०.३ टक्क्यापर्यंत जवळपास सगळ्या फुटलेल्या असतात.

या फरकावर आपल्याकडची एक स्वस्त चाचणी उभी आहे. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी लहान आणि चपट्या असतात, त्यामुळे विरल मिठाच्या पाण्यात त्या जास्त तग धरतात. ०.३६ टक्क्याच्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकून नळीमागच्या कागदावरची रेघ दिसते का एवढेच पाहायचे. पेशी फुटल्या तर द्रावण पारदर्शक होऊन रेघ दिसते. टिकल्या तर गढूळपणामुळे दिसत नाही. नेस्ट्रॉफ्ट नावाची ही चाचणी भारतातील चाळणी शिबिरांत वापरली जाते. ती निदान करत नाही, पुढे कुणाची तपासणी करायची एवढे सांगते.

वनस्पतिपेशीचे गणित वेगळे, कारण तिला पेशीभित्तिका आहे. साध्या पाण्यात ती फुटत नाही. पाणी आत येते, रिक्तिका फुगते, भित्तिका उलट दाबते आणि एका दाबाला पाण्याची आवक थांबते. हा आतला दाब बहुधा ३ ते १० वातावरणांइतका असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेपेक्षाही जास्त. कोवळ्या देठाचा ताठपणा, पर्णरंध्रांची उघडझाप, पेशीची वाढ, सगळे त्यावर चालते. विकरांनी भित्तिका विरघळवून टाकली की उरलेला गोळा साध्या पाण्यात तांबड्या पेशीसारखाच फुटतो. वनस्पतिपेशीला अवपरासारी द्रावण मानवते आणि प्राणिपेशीला समपरासारी, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य म्हणजे भित्तिका असण्या-नसण्याचा हिशेब आहे.

अतिपरासारी, म्हणजे पेशीरसापेक्षा संहत द्रावणात ऱ्हिओच्या पानाच्या जांभळ्या पेशींत आतला भाग भित्तिकेपासून सुटून गोळा होताना महाविद्यालयीन विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हा रससंकोच. पण शेतात सुकणाऱ्या पानात तो सहसा होत नाही, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. प्रयोगशाळेत मिठाचे किंवा साखरेचे द्रावण भित्तिकेतून आत येऊन मोकळी झालेली जागा भरते. शेतात पानाभोवती हवा असते, आणि भित्तिकेच्या सूक्ष्म, ओल्या छिद्रांतून हवा आत शिरू शकत नाही. त्यामुळे पटल भित्तिकेला सोडत नाही. भित्तिकाच त्याच्यासोबत आत खचते. कोमेजण्याचे चित्र म्हणून रससंकोचाची आकृती देणे बरोबर नाही.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. बाटलीतल्या द्रावणात एकूण किती कण आहेत ही एक गोष्ट. त्यांतले किती कण पटलाबाहेर अडून राहतात ही दुसरी. पाणी दुसऱ्या गोष्टीवर चालते. रक्ताइतक्याच कणांचे युरियाचे द्रावण केले आणि त्यात तांबड्या पेशी टाकल्या तर त्या फुटतात, कारण युरिया पटलातून आत जातो आणि पाणी त्याच्यामागे येते. ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटलीही कणांच्या मोजणीत रक्ताच्या जवळ असते, पण शरीरात गेल्यावर साखर पेशी वापरून टाकतात आणि मागे नुसते पाणी उरते. बाटलीत समपरासारी असलेले द्रावण शिरेत अवपरासारी ठरते.

पाणी का वाहते

येथून मतभेद सुरू होतात. पहिली मांडणी सर्वांच्या परिचयाची: विरघळलेल्या कणांनी जागा व्यापली की त्या बाजूला पाण्याची संहती कमी होते आणि पाणी विसरणाने तिकडे जाते. ही मांडणी सोपी आहे, आणि दिशा जवळजवळ नेहमी बरोबर सांगते. म्हणूनच ती टिकली.

तिच्यावरचे आक्षेप दोन. व्हान्ट हॉफच्या नियमात दाब कणांच्या संख्येवर ठरतो, आकारावर नाही. जागा व्यापणे हे कारण असते तर मोठ्या कणाचा परिणाम जास्त व्हायला हवा होता. शिवाय मॅग्नेशियम सल्फेटसारखे क्षार पाण्यात थोड्या प्रमाणात विरघळताना पाण्याचे रेणू इतके जवळ ओढतात की एकूण आकारमान किंचित घटते. अशा द्रावणात पाण्याची संहती शुद्ध पाण्यापेक्षा कमी होत नाही, तरीही परासरण नेहमीच्याच दिशेने होते. दुसरा आक्षेप वेगाचा. विसरणाने पाणी किती वेगाने पटल ओलांडते हे खुणा केलेल्या पाण्याने मोजता येते; परासरणाने जाणारे पाणी त्यापेक्षा बरेच जास्त भरते. अलेक्झांडर माउरो याने १९५७ मध्ये आणि पीटर रे याने १९६० मध्ये दाखवले की छिद्रे असलेल्या पटलात परासरण हा दाबाने ढकललेला प्रवाह असतो.

दुसरी मांडणी यातूनच आली. पटल विरघळलेल्या कणांना मागे रेटते. ते कण भोवतालच्या पाण्याला सोबत रेटतात. त्यामुळे पटलाच्या अगदी लगत छिद्रांच्या तोंडाशी पाण्याचा दाब घटतो आणि पलीकडचे पाणी आत ओढले जाते. एरिक क्रेमर आणि डेव्हिड मायर्स यांनी २०१२-१३ मध्ये ही बाजू नव्याने मांडली आणि विरलतेचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून काढावे असे सुचवले. तिसरी मांडणी ऊष्मागतिकीची: पाणी जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जाते. वनस्पतिशास्त्रात १९६० पासून हीच भाषा रूढ झाली. तिचे बळ असे की दाब आणि विरघळलेले पदार्थ दोन्ही एकाच मापात मोजता येतात. तिची मर्यादा अशी की ती दिशा आणि शेवट सांगते, रेणूंना कोण ढकलते ते सांगत नाही.

ऊष्मागतिकीच्या चौकटीवर वाद नाही. वाद सूक्ष्म पातळीवरच्या चित्राचा आहे. पाण्याचे रेणू एकामागून एक रांगेत जातील इतकी अरुंद वाट असली, की तिथे दाबाचा प्रवाह आणि विसरण यांतली रेघच पुसट होते. मोठ्या छिद्रांसाठी काढलेले चित्र तिथे जसेच्या तसे लागू पडत नाही. शाळेपुरते बोलायचे तर माझे मत असे की दिशा शिकवताना जुने वाक्य चालेल, पण कारण म्हणून ते देऊ नये. मुलांच्या मनात कारण एकदा पक्के बसले की नंतर निघत नाही.

कोणत्या वाटेने

पेशीपटल मेदाचे असते आणि मेदाच्या दुहेरी थरातून पाणी थोडेफार झिरपते, हे जुनेच ज्ञान. पण तांबड्या पेशीतून पाणी त्या मानाने फार वेगाने जाते, आणि पाऱ्याच्या संयुगांनी तो वेग घटतो. मेदावर पाऱ्याचा असा परिणाम होत नाही, म्हणजे वाट प्रथिनाची असावी, असा संशय १९७० पासून बळावत गेला.

पुरावा १९९२ मध्ये पीटर ॲग्रे यांच्या प्रयोगशाळेतून आला, आणि तो परासरणाच्या सर्वांत साध्या प्रयोगातून आला. आफ्रिकी बेडकाची अंडपेशी विरल पाण्यात सहसा फुगत नाही, कारण तिचे पटल पाणी फारसे आत घेत नाही. तांबड्या पेशीतील एका अनोळखी प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए तिच्यात टोचला आणि प्रथिन तयार झाल्यावर तिला विरल द्रावणात ठेवले. काही मिनिटांत ती फुगून फुटली. हे प्रथिन म्हणजे ॲक्वापोरिन. त्याच्या एका वाटेतून सेकंदाला पाण्याचे अब्जावधी रेणू जातात. ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वनस्पतींत तर या प्रथिनांचे प्रकार प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले.

तरीही प्रश्न मिटला नाही. आतड्याच्या पेशी एका बाजूने द्रव शोषतात आणि दुसऱ्या बाजूने सोडतात, तेव्हा दोन्हीकडची द्रावणे जवळपास सारख्याच संहतीची असतात. फरकच नसेल तर परासरण चालते कशावर? एक मत असे की पेशींमधल्या अरुंद फटींत सोडियम साचून तिथे स्थानिक फरक तयार होतो. डायमंड आणि बॉसर्ट यांचे हे १९६७ मधले मत. दुसरे मत अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९९६ मधले: सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत नेणारे प्रथिन प्रत्येक फेरीत पाण्याचे दोनशेहून अधिक रेणूही सोबत नेते, म्हणजे ते पाण्याचा पंपच आहे. टीकाकार म्हणतात की ग्लुकोज आत जाताच पटलालगत क्षणिक फरक तयार होतो आणि पाणी नेहमीच्या परासरणानेच येते; मोजमापाला तो फरक दिसत नाही इतकेच. दोन्ही बाजूंकडे चांगले प्रयोग आहेत. पटलाला अगदी खेटून असलेल्या थरातली संहती थेट मोजता येईपर्यंत निर्णय लागणे कठीण दिसते.

प्राणिपेशी फुटत का नाही

पेशीच्या आत प्रथिने आणि इतर ऋणभारित रेणू अडकलेले असतात, ते बाहेर जाऊ शकत नाहीत. डोनन याने १९११ मध्ये दाखवले की अशा स्थितीत लहान आयन आपोआप आतल्या बाजूला जास्त जमतात. त्यांच्यामागे पाणी येत राहायला हवे. म्हणजे समपरासारी द्रावणातसुद्धा भित्तिका नसलेली पेशी फुगून फुटायला हवी. ती फुटत नाही, हे स्पष्ट करावे लागते.

सर्वमान्य उत्तर सोडियम-पोटॅशियम पंपाचे. येन्स स्को याने १९५७ मध्ये या विकराचा शोध लावला. एका एटीपी रेणूच्या खर्चात तो तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत टाकतो. आत झिरपणारे सोडियम सतत बाहेर फेकले जात असल्याने त्याचा परिणाम ते बाहेरच अडून राहिल्यासारखा होतो. टोस्टेसन आणि हॉफमन यांनी १९६० मध्ये मेंढीच्या तांबड्या पेशींवरून याचे गणित बसवले. वनस्पती दाब सोसून पाणी थांबवते, प्राणिपेशी ऊर्जा खर्चून.

गिल्बर्ट लिंग यांनी १९६० च्या दशकापासून याला वेगळे उत्तर दिले: पोटॅशियम पेशीतल्या प्रथिनांना चिकटलेले असते, आतले पाणीही मोकळे नसून बांधलेले असते, आणि पंपाला लागणारी ऊर्जा पेशीकडे नाही. पंपाचे प्रथिन वेगळे काढून कृत्रिम पटलात चालवून दाखवल्यावर या मताला फारसे अनुयायी उरले नाहीत. पण पेशीचा आतला भाग विरल द्रावणासारखा वागत नाही, हा त्यातला मुद्दा आज वेगळ्या रूपात परत आला आहे.

कारण पुढचा प्रश्न जाणिवेचा आहे. विरल द्रावणात फुगलेली प्राणिपेशी काही मिनिटांत क्लोराइड, पोटॅशियम आणि सेंद्रिय रेणू बाहेर टाकून मूळ आकाराकडे येते. ज्या वाटेने क्लोराइड जाते तिचे मुख्य प्रथिन २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. मात्र आपण फुगलो हे पेशीला कळते कसे? पटलाचा ताण, आतल्या आयनांची विरलता, की आतल्या रेणूंची दाटी? तिन्हींच्या बाजूने पुरावे आहेत. डब्ल्यूएनके१ हे विकर पेशी आक्रसून आत दाटी झाली की थेंबांच्या रूपात एकत्र येते आणि आयन आत घेण्याची क्रिया सुरू करते, असे २०२२ मध्ये दिसले. दाटीच्या बाजूचा हा बळकट पुरावा. वनस्पतीत २०१४ मध्ये ओएससीए१ हे प्रथिन संहत द्रावणाची जाणीव देणारे म्हणून पुढे आले. नंतर त्या कुळातली प्रथिने यांत्रिक ताणाने उघडतात असे आढळले. त्यामुळे ते संहती जाणतात की पटलाचा ताण, हा वाद तिथेही उभा आहे.

सलाइनची बाटली

०.९ टक्के सलाइनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लिटरला १५४ मिलिमोल असतात. रक्तात क्लोराइड साधारण १०० असते. पाण्याच्या दृष्टीने समपरासारी असलेले हे द्रावण क्लोराइडच्या दृष्टीने रक्तासारखे नाही. जास्त दिल्यास रक्त आम्लतेकडे झुकते आणि मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, असे एक मत. दुसरे मत असे की रिंगर लॅक्टेटसारखी संतुलित द्रावणे थोडी अवपरासारी असतात, आणि मेंदूला सूज असेल तिथे ते धोक्याचे. २०१८ मध्ये अमेरिकेतील अतिदक्षता विभागांतल्या सुमारे १५,८०० रुग्णांच्या चाचणीत मूत्रपिंडांचे मोठे बिघाड आणि मृत्यू मिळून सलाइनच्या गटात १५.४ टक्के आणि संतुलित द्रावणांच्या गटात १४.३ टक्के भरले. ब्राझीलमधील २०२१ ची आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील २०२२ ची चाचणी यांत मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. ब्राझीलच्या चाचणीत डोक्याला मार लागलेल्यांमध्ये संतुलित द्रावणाच्या गटात मृत्यू जास्त होते. पण ते द्रावण रक्ताच्या तोडीचे होते, त्यामुळे नुसत्या परासरणाने त्याचे कारण लागत नाही. सर्वांसाठी एकच बाटली ठरवणे आज शक्य नाही, एवढे मात्र म्हणता येते.

मुलांच्या बाबतीत चित्र जास्त स्पष्ट आहे. हॉलिडे आणि सिगार यांनी १९५७ मध्ये मुलांना रोज किती पाणी आणि क्षार लागतात याचा हिशेब दिला, आणि त्यावरून पाच दशके विरल सलाइन दिले गेले. आजारी मुलाच्या शरीरात लघवी रोखणारे संप्रेरक वाढलेले असते. आत गेलेले जादा पाणी बाहेर पडत नाही, रक्तातले सोडियम उतरते आणि मेंदूच्या पेशी फुगतात. कवटीत फुगायला जागा नसते. अनेक चाचण्यांनंतर अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांना समपरासारी द्रावण द्यावे असे सांगितले. नवजात बाळे या शिफारशीबाहेर आहेत, आणि तिथला निर्णय अजून डॉक्टरांच्या अंदाजावर चालतो.

ओआरएसचा वाद उलट दिशेने सुटला. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन कॉलऱ्याचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी केले. पुढे प्रमाणित झालेल्या द्रावणाची परासारिता, म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण संहती, लिटरला ३११ मिलिऑस्मोल होती, रक्तापेक्षा थोडी जास्त. अशा द्रावणाने आतड्यात पाणी उलट ओढले जाऊ शकते. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोडियम ९० वरून ७५ आणि ग्लुकोज १११ वरून ७५ मिलिमोलवर आणून परासारिता २४५ केली. मुलांमध्ये शिरेतून द्रव देण्याची गरज सुमारे एक-तृतीयांशाने घटली. कॉलऱ्याच्या प्रौढ रुग्णांत मात्र सोडियम फार बाहेर जाते, आणि कमी सोडियमचे द्रावण त्यांना पुरते का यावर शंका राहिल्या. एकच पुडी ठेवण्याची सोय आणि प्रत्येक आजाराला नेमके द्रावण देण्याची अचूकता, यांतून सोय निवडली गेली. मला ती निवड योग्य वाटते, कारण पुडी घरापर्यंत पोहोचणे हेच ओआरएसचे खरे बळ आहे.

मुळे आणि मणी

सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात जादा पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. अशा जमिनीत ओल असूनही पीक सुकलेले दिसते. मुळाबाहेरच्या पाण्याचे जलविभव इतके खाली जाते की मुळाला ते ओढता येत नाही. राणा मन्स यांनी मांडलेल्या दोन टप्प्यांच्या चित्रात हा पहिला, परासरणाचा टप्पा. सोडियम पानांत साचून विषारी होणे हा दुसरा. पिकाच्या नुकसानीत कोणत्या टप्प्याचा वाटा किती, हे पिकागणिक आणि वाणागणिक बदलते. सहनशील वाण निवडताना नेमके तेच कळायला हवे असते. आपल्या खाड्यांमधला तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकून दुसरा टप्पा निभावतो, पण उसाला तसली सोय नाही.

द्राक्षाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आणि माझ्या मते जास्त विलक्षण आहे. नाशिकच्या बागांत मण्यात पाणी उतरले, म्हणजे मणी पिकू लागला, की अवकाळी पावसाची धास्ती सुरू होते. पिकलेल्या मण्यात विसेक टक्के साखर असते, म्हणजे परासरण दाब २५ वातावरणांच्या वर, समुद्राच्या पाण्याच्या तोडीचा. सालीवर पावसाचे जवळपास शुद्ध पाणी. मग मणी फुगून तडकणार, हे उघड वाटते. या मताप्रमाणे मणी म्हणजे मोठी पेशीच: आतला दाब वाढत जातो, सालीची ताकद संपते, ती फाटते.

मोजणीने हे चित्र अडचणीत आले. द्राक्षाच्या गराच्या पेशींचा आतला दाब प्रत्यक्ष मोजला तेव्हा पाणी उतरण्याच्या सुमारास तो वाढण्याऐवजी खूप खाली गेलेला आढळला. साखर फक्त पेशींच्या आत नसून पेशींच्या बाहेरच्या जागेतही साचलेली असते, त्यामुळे पेशीच्या पटलावर फरक फार उरत नाही. चेरीवर जर्मनीत मोरित्झ क्नोखे यांच्या गटाने केलेल्या कामातही फळाचा आतला दाब परासरण दाबाच्या मानाने नगण्य निघाला. त्यांनी वेगळी मांडणी केली. पावसाचे पाणी सालीच्या बाह्य थरातील सूक्ष्म भेगांतून थोड्याच जागी शिरते. तिथल्या मोजक्या पेशी फुटतात. त्यांतले आम्ल भोवती पसरते, पेशीभित्तिका फुगतात, पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे कॅल्शियम निघून जाते, आणि साल त्या ठिकाणापासून उसवत जाते. पहिल्या मताप्रमाणे पूर्ण फळ दाबाने फुटते. दुसऱ्याप्रमाणे एका बिंदूपासून साल सुटत जाते.

दोन मतांमधून शेतकऱ्याला वेगवेगळा सल्ला निघतो. दाब हे कारण असेल तर पाऊस पडत असताना मुळांचे पाणी तोडणे महत्त्वाचे, कारण मुळाकडून येणारे पाणीही दाब वाढवते. उसवणे हे कारण असेल तर साल ओली किती वेळ राहते हे महत्त्वाचे. घडात हवा खेळणे, प्लॅस्टिकचे आच्छादन, बाह्य थराला भेगा पडू न देणे यांवर भर द्यावा लागेल. कॅल्शियमच्या फवारणीचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत, आणि दोन्ही मते त्याचा आपापल्या बाजूने अर्थ लावतात. चेरीची साल आणि द्राक्षाची साल एकसारख्या नाहीत. घट्ट घडात मणी एकमेकांना दाबतात, ही स्थिती चेरीत नसते. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून आपल्याकडे निवडलेल्या सोनाका, तास-ए-गणेश या जातींमध्ये सालीची जाडी आणि घडाची ठेवणही वेगवेगळी असते. त्यामुळे चेरीवरून निघालेले उत्तर या बागांना लावण्याआधी पावसाच्या पाण्यात बुडवलेल्या आणि मुळांवाटे पाणी दिलेल्या मण्यांची तुलना जातवार करावी लागेल, आणि तीही मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत दर आठवड्याला, कारण याच काळात मण्याचा आतला दाब आणि साल दोन्ही सर्वांत झपाट्याने बदलतात.